जुना टेबल सॉ काढून नवा बसवताना

टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं लाकूड कापायचं मशीन, बदलायचा विषय निघतो तो बहुतेक वेळा लाकूड जळायला लागल्यावर, नाहीतर फेन्सवर, म्हणजे फळी टेकवून सरकवायच्या पट्टीवर, लावलेलं माप आणि हातात आलेलं माप जुळेनासं झाल्यावर. यातल्या बऱ्याच तक्रारी मशीनच्या नसतातच. म्हणून आधी जुन्याच मशीनवर धारदार 24 दातांचं पातं चढवलं, पातं मायटरच्या खाचेला, म्हणजे आडव्या कापाचं गेज सरकतं त्या टेबलातल्या खाचेला, समांतर करून घेतलं आणि मग तक्रारी काय उरतात ते पाहिलं. तीन उरल्या. 50 मिमी जाडीच्या कठीण लाकडात मोटर दमते. फेन्स कुलूपबंद केल्यावरही तिचा मागचा शेंडा अंगठ्याच्या दाबाने हलतो. आणि पात्याच्या अलीकडे टेबल जेमतेम वीतभर, त्यामुळे रुंद फळीला काप सुरू व्हायच्या आधी नीट टेकायला जागाच नाही. या तिन्हीवर पाना फिरवून उपाय होत नाही. अशा तक्रारी उरल्या तरच मशीन बदलावं. नुसतं लाकूड जळतंय म्हणून बदलू नये; ते नव्यावरही जळेल.

254 मिमी, म्हणजे 10 इंची पात्याचे टेबल सॉ ढोबळमानाने चार जातींचे. उचलून न्यायचा जॉबसाइट सॉ: ॲल्युमिनियमचं टेबल, युनिव्हर्सल मोटर, कानठळ्या बसवणारा आवाज. कॉन्ट्रॅक्टर सॉ: बिडाचं टेबल, मोटर मागे बाहेर लटकलेली, पट्ट्याने पातं फिरतं. कॅबिनेट सॉ: सगळं बंद पत्र्याच्या कपाटात, मोटर 3 एचपी किंवा त्याहून मोठी. आणि या दोघांच्या मधला हायब्रिड: कपाट बंद, पण मोटर दीड-दोन एचपीची. निवडताना लोक एचपी बघतात. मी आधी ट्रनियन बघतो. पातं, मोटर आणि कलवायची यंत्रणा ज्या कमानींवर बसते त्या कमानी म्हणजे ट्रनियन. कॉन्ट्रॅक्टर सॉमध्ये त्या टेबलाच्या पोटाला टांगलेल्या असतात, कॅबिनेट सॉमध्ये कपाटाला बोल्ट केलेल्या. फरक कळतो तो जुळवताना. पहिल्यात मशीनखाली आडवं होऊन, चाचपडत बोल्ट सैल करावे लागतात आणि सगळी जड यंत्रणा सरकवावी लागते. दुसऱ्यात नुसतं टेबल सरकवायचं, तेही उभ्या-उभ्या.

पातं डावीकडे कलतं की उजवीकडे, हेही आधीच ठरवावं. फेन्स नेहमी पात्याच्या उजवीकडे ठेवणाऱ्याला डावीकडे कलणारं पातं बरं. तिरपा काप घेताना पातं फेन्सपासून लांब झुकतं, तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात अडकत नाही. एक खोट मात्र आहे. डावीकडे कलणाऱ्या मशीनमध्ये पातं ज्या बैठकीला टेकतं ती फ्लँज डावीकडे असते, म्हणून पात्याची जाडी बदलली की उजवी बाजू सरकते आणि फेन्सच्या पट्टीचा शून्य चुकतो. 3.2 मिमीचं पातं काढून 2.4 मिमीचं लावलं की माप 0.8 मिमीपर्यंत फसतं. एकाच जाडीच्या पात्यांचा संच ठेवला की हा प्रश्न उरत नाही.

रायव्हिंग नाइफ असलेलंच मशीन घ्यावं, यात तडजोड नाही. पात्यामागचा तो चंद्रकोरी पत्रा पात्याबरोबर वर-खाली होतो आणि कलतो. कापलेल्या फटीत राहून लाकडाला मिटू देत नाही आणि मागच्या दातांपासून दूर धरतो. जुन्या पद्धतीचा स्प्लिटर एका जागी पक्का असतो, त्यामुळे गाळा, म्हणजे आरपार न जाणारी खाच, पाडताना तो काढावाच लागतो, आणि एकदा काढलेला स्प्लिटर परत लावला जात नाही हा सगळ्यांचाच अनुभव.

बोट लागताच थांबणाऱ्या मशीनबद्दलही विचार केला. सॉस्टॉप कंपनीच्या मशीनमध्ये पात्यावर हलका विद्युत संकेत खेळत असतो. कातडी लागली की तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा स्प्रिंगच्या जोरावर दातांत घुसतो. पातं 5 मिलिसेकंदांच्या आत थांबतं. मिनिटाला 4000 फेऱ्यांच्या वेगाला एवढ्या वेळात पात्याचा तिसरा हिस्सा फेराही पुरा होत नाही. त्यानंतर तो ठोकळा असलेलं काडतूस बदलावं लागतं आणि पातंही बहुधा कामातून जातं. डॅडोच्या, म्हणजे रुंद गाळा पाडायच्या, पात्यांच्या संचाला वेगळं काडतूस लागतं. ओलं लाकूड किंवा लाकडात राहिलेला खिळा यांनीही ब्रेक सुटू शकतो. शंका असेल तेव्हा ती यंत्रणा तात्पुरती बंद ठेवून कापायची सोय असते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की हा ब्रेक बोट वाचवतो, उसळलेली फळी अडवत नाही. ते काम रायव्हिंग नाइफचंच.

मशीन यायच्या आधी वीज बघून ठेवावी. 3 एचपी म्हणजे 2.2 किलोवॅट, 230 व्होल्टच्या सिंगल फेजवर पूर्ण भाराला साधारण 15 अँपियर. सुरू होताना क्षणभर याच्या पाच-सहा पट करंट ओढला जातो, म्हणजे 75 ते 90 अँपियर. बी प्रकारचा 20 अँपियरचा एमसीबी 3 ते 5 पटींवर, म्हणजे 60 ते 100 अँपियरला झटक्यात पडतो. म्हणून मशीन सुरू करताच एमसीबी पडतो आणि लोक मोटरला दोष देतात. तिथे सी प्रकारचा हवा, जो 5 ते 10 पटींवर पडतो. वायरचा हिशेबही करावा. 2.5 चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत दर मीटरला, दर अँपियरला सुमारे 18 मिलिव्होल्ट पडतात. बोर्डापासून 20 मीटर अंतर असेल तर चालू मशीनला 5.4 व्होल्ट, पण सुरू होताना 32 व्होल्टपर्यंत. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तो तीन-चतुर्थांशावर येतो आणि मोटर घरघरत, सावकाश वेग घेते. 4 चौरस मिमीची वायर टाकली की सुरू होतानाची घट 20 व्होल्टवर येते. मशीनला वेगळी लाइन, नीट अर्थिंग आणि मॅग्नेटिक स्विच हवाच. वीज जाऊन परत आली तर मॅग्नेटिक स्विचवरचं मशीन आपोआप सुरू होत नाही. साध्या स्विचवरचं होतं.

जागेचं गणित सोपं. 2440 बाय 1220 चा प्लाय उभा कापायचा तर पात्याच्या पुढे अडीच मीटर, मागे अडीच मीटर आणि डावीकडे सव्वा मीटर मोकळं हवं. एवढं नसेल तर चाकांचा ठेला घ्यावा, पण कापताना चाकं जमिनीवरून पूर्ण उचलली जातात असाच. नुसते ब्रेक लावलेली चाकं मोठा प्लाय ढकलताना सरकतात.

कॅबिनेट सॉ 180 ते 270 किलोचा असतो. खोकं उघडलं की आधी पंख (टेबल रुंद करणाऱ्या बाजूच्या पाट्या), रेल आणि फेन्स बाजूला काढावेत. मोटर सुटी येत असेल तर ती लगेच लावू नये. उचलताना धरायचं ते कपाटाला किंवा मुख्य टेबलाच्या कडेला. हँडव्हील, फेन्सचे रेल, मोटर यांना धरून उचललं की काहीतरी वाकतं, आणि ते वाकलेलं पुढे जुळवताना कळतं. यंत्रणेत प्रवासासाठी लावलेला लाकडी ठोकळा किंवा पट्टी असते. ती काढेपर्यंत उंचीचं आणि कल द्यायचं चाक फिरवायचं नाही, नाहीतर गिअरच्या दातावर ताण येतो.

बिडाच्या टेबलावर गंज न लागण्यासाठी चिकट तपकिरी लेप असतो. प्लॅस्टिकच्या खरवडणीने जाड थर काढून बाकीचा रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसला. हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि ती फडकी चुरगाळून ठेवू नयेत, पसरून वाळवावीत. मायटरच्या खाचांच्या कोपऱ्यांतला लेप हटकून राहतो. तो राहिला की पुढे गेज अडखळतं आणि खाच वाकडी आहे असा भ्रम होतो. साफ झाल्यावर लगेच सिलिकॉन नसलेलं पेस्ट वॅक्स लावून घासून घ्यावं. सिलिकॉनचा अंश लाकडावर चढला तर पॉलिश त्या जागी फाटतं, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

पंख जोडायला वेळ द्यावा. सगळे बोल्ट बोटांनी बसवायचे, मग पुढच्या कडेपासून सुरुवात करून सांध्यावरून नख फिरवत एकेक बोल्ट कसायचा. नखाला पायरी लागली तर सांध्यावर लाकडी पट्ट्या ठेवून क्लँपने दाबून सपाट करायचा आणि मग कसायचा. मग लांब सरळपट्टी टेबलावरून पंखावर आडवी ठेवायची. पंखाचा बाहेरचा काठ खाली झुकला असेल तर सांध्याच्या खालच्या अंगाला पातळ पत्रा किंवा ॲल्युमिनियम फॉइलची घडी घालायची. वर उचलला असेल तर वरच्या अंगाला. बाहेरच्या काठाला 0.25 मिमीचा फरक चालतो. मुख्य टेबलाच्या मध्यात, पात्याजवळ, तेवढा नको.

पट्टा चढवताना दोन्ही पुलींच्या तोंडांवर सरळपट्टी धरून त्या एका रेषेत आहेत का ते बघावं. नसतील तर मोटरवरची पुली आत-बाहेर सरकवून तिचा आडवा स्क्रू पक्का करावा. नाहीतर पट्टा एका बाजूने झिजतो, आणि टेबलाला कंप येतो तो मोटरचा वाटतो. खोक्यात बरेच दिवस ताणलेल्या पट्ट्याला एक बाक बसलेला असतो. त्यामुळे सुरुवातीला जरा थरथर होते. अर्धा तास मोकळं चालवलं की बहुधा जाते. टेबलावर नाणं उभं ठेवून मशीन चालू करावं. पडलं नाही तर छान, पडलं तरी घाबरू नये, पट्टा आणि पुली परत बघाव्यात.

आता मुख्य काम. टेबल सॉवरची सगळी मापं मायटरच्या खाचेपासून घ्यायची, कारण ती टेबलात कोरलेली आहे आणि हलत नाही. आधी पातं खाचेला समांतर, मग फेन्स खाचेला, मग गेज पात्याला. हा क्रम मोडला, म्हणजे आधी फेन्स पात्याशी जुळवली आणि नंतर टेबल सरकवलं, की केलेलं सगळं परत करावं लागतं. साहित्य फार नाही: डायल इंडिकेटर (बारीक फरक काट्याने दाखवणारं माप), खाचेत घट्ट सरकणारी कठीण लाकडाची पट्टी, चांगला गुण्या, फीलर गेज, सरळपट्टी. प्लग काढून ठेवायचा. स्विच बंद करणं पुरेसं नाही.

पातं चढवायच्या आधी आर्बर, म्हणजे पातं बसतं तो दांडा, तपासावा. डायलचं टोक फ्लँजच्या तोंडावर टेकवून हाताने फिरवलं की काटा 0.025 मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. फ्लँजवर एखादा कण किंवा बोचरा उंचवटा असला तरी तो पात्याच्या कडेला अनेक पटींनी मोठा होऊन दिसतो. मग पातं लावून दातांच्या आतल्या बाजूला पात्याच्या पत्र्यावर मोजायचं, 0.1 मिमीच्या आत असेल तर ठीक. जास्त आलं तर पातं आर्बरवर पाव फेरा फिरवून पुन्हा बसवावं. कधी पात्याचा आणि फ्लँजचा दोष एकमेकांना फेडतात, कधी भर घालतात.

समांतरता मोजताना एकाच दातावर मार्करने खूण करायची. तो दात पुढे आणून, त्याच्या शेजारी पत्र्यावर डायलचं टोक ठेवून काटा शून्यावर. मग तोच दात हाताने मागे फिरवायचा, लाकडी पट्टी खाचेत मागे सरकवायची आणि परत वाचायचं. पट्टी दोन्ही वेळा खाचेच्या एकाच भिंतीला दाबलेली हवी. वेगवेगळे दात घेतले तर पात्याचा वाकडेपणा मोजला जातो, मशीनचा नाही. खोक्यातून काढलेल्या मशीनवर पुढे शून्य आणि मागे 0.22 मिमी आलं, तेही फेन्सच्या बाजूला झुकलेलं. हा झुकाव सगळ्यात वाईट. फळीला कापून झालेल्या जागी मागचे, वर येणारे दात घासतात, लाकूड जळतं आणि उचललं जाऊन अंगावर येऊ शकतं. 0.05 मिमीच्या आत आणायचं; 0.1 पर्यंत चालून जातं.

कॅबिनेट सॉमध्ये टेबल कपाटाला चार बोल्टनी जोडलेलं असतं. तीन सैल करायचे, चौथा हलका कसलेला ठेवायचा म्हणजे टेबल त्याभोवती फिरतं. मग टेबलाच्या कडेवर लाकडी ठोकळा ठेवून रबरी हातोडीने हळू ठोके. बोल्ट कसताना टेबल परत थोडं सरकतंच, त्यामुळे आडवे-तिडवे, थोडे थोडे कसत प्रत्येक फेरीनंतर डायल बघायचा. इथे घाई करणाऱ्याला तेच काम पुन्हा करावं लागतं.

याच्यापुढची पायरी बरेच जण गाळतात. पातं 45 अंशांत कलवून समांतरता पुन्हा मोजायची. 90 अंशांवर काटा स्थिर आणि 45 वर फरक, असं आलं तर पात्याची कलण्याची अक्षरेषा टेबलाच्या पृष्ठभागाला समांतर नाही. त्याला इलाज टेबल आणि कपाट यांच्यामध्ये, पुढच्या दोन किंवा मागच्या दोन बोल्टांखाली पातळ पितळी पत्रा. कोणत्या टोकाला, हे करूनच कळतं: 0.1 मिमीचा पत्रा घालून मोजावं, फरक वाढला तर दुसऱ्या टोकाला घालावा. पत्रा घातला की 90 अंशांवरची समांतरता पुन्हा तपासायला लागते. नुसते सरळ काप घेणाऱ्याला याची गरज पडत नाही, पण तिरप्या सांध्यांच्या पेट्या करणाऱ्याला पडते. तिथे पात्याचा हा दोष जळकं तोंड आणि न मिटणारी फट म्हणून दिसतो.

90 आणि 45 अंशांचे थांबे त्यानंतर. गुण्या दोन दातांच्या मधल्या पत्र्याला टेकवायचा, दाताला नाही, कारण दात पत्र्यापेक्षा बाहेर आलेला असतो. गुण्यापेक्षा खरी परीक्षा कापाची. साधारण 70 मिमी रुंद पट्टी कडेवर उभी धरून मधून आडवी कापायची, एक तुकडा उलटा फिरवून कापलेली तोंडं जुळवायची. उजेडात फट दिसली तर ती मूळ चुकीच्या दुप्पट असते, म्हणून बारीक चूकही कळते. थांब्याच्या स्क्रूवर भुसा साचला की कोन आपोआप सरकतो. काही महिन्यांनी 90 अंश चुकायला लागले की पहिला संशय त्याचा.

फेन्स बीसमेयर पद्धतीची असेल, म्हणजे पुढच्या जाड नळीवर टी आकाराने बसणारी, तर तिच्या आडव्या हाताच्या आतल्या दोन स्क्रूंनी ती समांतर होते. खाचेच्या कडेला आणून पुढे-मागे बोटाने किंवा डायलने बघायची. पूर्ण समांतर ठेवावी की मागे किंचित बाहेर, यावर मतं दोन आहेत. मी मागे 0.05 मिमी बाहेर ठेवतो. आत कधीही नाही, एका केसानेही नाही. कुलूपबंद करून मागच्या शेंड्याला अंगठ्याने ढकलत डायल वाचावा: काटा हलून शून्यावर परत आला तर ती नुसती लवचिकता, परत आला नाही तर कुलपाची पकड सैल आहे आणि ती वाढवायला हवी. फेन्सची भिंत टेबलाला काटकोनात आहे का, तेही गुण्याने बघून घ्यावं. मापपट्टीचा काटा अंदाजाने लावू नये. एक पट्टी कापून, व्हर्नियरने मोजून, मग काटा त्या मापावर सरकवावा.

रायव्हिंग नाइफची जाडी पात्याच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि कापाच्या रुंदीपेक्षा कमी हवी. 3.2 मिमी काप आणि 2.2 मिमी पत्रा असलेल्या पात्याला 2.5 ते 2.8 मिमीचा. हाच नाइफ ठेवून 2.4 मिमी कापाचं पातळ पातं लावलं तर फळी अर्ध्यावर पोचून अडते, आणि माणूस जोर लावून ढकलतो, जे कधीच करू नये. बारीक पात्याला वेगळा नाइफ. पात्यापासून त्याचं अंतर 3 ते 8 मिमी, आणि आडवं बघताना तो पात्याच्या मधोमध. सरळपट्टी पात्याच्या दोन्ही बाजूंनी धरून ते लगेच दिसतं. बहुतेक मशीनमध्ये जुळवायला तीन-चार छोटे स्क्रू असतात.

पात्याभोवतीची टेबल-प्लेट मशीनबरोबर येते ती रुंद फटीची. बारीक पट्ट्या फटीत पडतात आणि प्लायचा खालचा पापुद्रा उडतो. 12 मिमीच्या चांगल्या प्लायची झिरो क्लिअरन्स प्लेट, म्हणजे पात्यापुरतीच फट असलेली, घरीच करावी. मूळ प्लेट वर चिकटवून राउटरच्या फ्लश ट्रिम बिटने आकार काढायचा, कोपऱ्यांत चार छोटे स्क्रू समतल करायला ठेवायचे. पुढचा काठ टेबलापेक्षा केसभर खाली, मागचा केसभर वर, म्हणजे फळी कुठेच अडत नाही. अडचण अशी की पूर्ण खाली नेलं तरी 10 इंची पातं नव्या प्लेटच्या पोटाला लागतं. मग आधी लहान व्यासाचं पातं लावून फट सुरू करायची किंवा प्लेटच्या खाली राउटरने गाळा पाडायचा. नंतर फेन्स बाजूला ठेवून, प्लेटवर जाड पट्टी क्लँपने दाबून, मशीन चालू ठेवून पातं सावकाश वर आणायचं. रायव्हिंग नाइफसाठी मागे फट वाढवायला विसरू नये.

मायटर गेज गुण्याने लावलं तरी पाच कापांची चाचणी घ्यावीच. साधारण 400 मिमी चौरस प्लायच्या तुकड्याची एक कड कापायची, कापलेली कड गेजला लावून पुढची, असं चार बाजूंनी फिरत जायचं. पाचव्या वेळी पहिल्याच कडेवरून साधारण 10 मिमी रुंद पट्टी कापायची आणि तिची दोन्ही टोकं व्हर्नियरने मोजायची. एक टोक 10.40 आणि दुसरं 10.00 आलं तर फरक 0.40. चार कापांत चूक साठत आलेली, म्हणून चाराने भागायचं: 400 मिमी लांबीला 0.1 मिमी. एवढी चूक फर्निचरला चालते. गेजची पट्टी खाचेत सैल असेल तर ही सगळी मेहनत फुकट. पट्टीच्या कडेला सेंटर पंचाने चार-सहा ठोके देऊन धातू किंचित फुगवला की ती सैलता जाते.

भुश्याकडे दुर्लक्ष नको. लाकडाच्या बारीक धुळीला आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये कर्करोगकारक ठरवलं आहे. 100 मिमीच्या नळीत भुसा न साचता वाहायला सुमारे 20 मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, म्हणजे ताशी 565 घनमीटर हवा. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर एवढी ओढत नाही. कपाटाच्या मोठ्या फटी चुंबकी पत्र्याने झाकाव्यात, पण सगळ्या बुजवू नयेत. हवा आत आलीच नाही तर भुसा बाहेर कसा जाणार? वरून उडणारी धूळ पकडायला पात्यावरच्या गार्डला वेगळी नळी लागते. ती नसेल तर निदान चांगला मास्क.

जुन्या मशीनची पाती नव्याला बसतील असं धरून चालू नये. आर्बर 5/8 इंचाचा, म्हणजे 15.88 मिमीचा, असेल तर 16 मिमी भोकाचं पातं त्यावर चढतं खरं, पण 0.12 मिमी सैल. ते केंद्रात बसत नाही, काही दात जास्त कापतात, काही हवेतच फिरतात. 25.4 किंवा 30 मिमी भोकाच्या पात्यांना पात्याच्या जाडीची अचूक रिंग हवी. नट सोडताना आटे उलटे की सुलटे याचा गोंधळ होतो: पातं कापताना ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने नट फिरवला की सुटतो.

पहिल्या कापांना 24 दातांचं उभ्या कापाचं पातं लावावं, कारण चुका त्यातच दिसतात. पातं एवढंच वर ठेवायचं की दातांमधल्या खोबणीचा तळ फळीच्या वर जरा दिसेल. मग कापलेलं तोंड बघायचं. फेन्सकडच्या तुकड्यावर जळकी रेघ आणि कमानदार ओरखडे असतील तर फेन्स मागे आत आलेली आहे. सोडलेल्या तुकड्यावर असतील तर पातं दुसरीकडे झुकलेलं, नाहीतर फळी कापता कापता मिटत होती. दोन्हीकडे जळत असेल तर पात्यावर राळ साचली आहे, धार गेली आहे, किंवा हात मध्येच थांबतोय. 3 एचपीच्या मशीनवर सावकाश ढकलायची जुनी सवय उलट नडते. फळी एकसारखी, जरा जोमाने पुढे न्यावी लागते. आडवा काप मायटर गेजवर घेताना त्याच वेळी फेन्सचा थांबा म्हणून वापर करायचा नाही. सुटलेला तुकडा पातं आणि फेन्स यांच्यात तिरका होऊन गोळीसारखा येतो. मापासाठी फेन्सला पुढच्या बाजूला 25 मिमीचा ठोकळा क्लँप करायचा, फळी त्याला टेकवायची आणि काप सुरू व्हायच्या आधीच ती त्याला सोडून पुढे जाईल असं बघायचं.

आउटफीड टेबल, म्हणजे कापलेली फळी मागे टेकायचं टेबल, सगळ्यात शेवटी, मशीन ठेल्यावर चढवून झाल्यावर. त्याची उंची सॉच्या टेबलापेक्षा दोनेक मिमी कमी, आणि मायटरच्या खाचांसमोर त्यातही तेवढ्याच रुंदीचे, जरा लांब गाळे. ते नसले तर गेजची पट्टी काप अर्धा असतानाच मागे आपटते.

पहिल्या महिन्यानंतर पट्टा सैल झालेला असतो, तो ताणावा. ट्रनियनच्या गिअरवरचा भुसा कडक ब्रशने झाडून कोरडं वंगण किंवा पेस्ट वॅक्स लावावं. तिथे ग्रीस थापलं तर त्यात भुसा मळून कडक पेंड होते आणि 45 अंशांपर्यंत चाक पोचत नाही.